निर्मला फॉन्टची फाईल बदलायचीये, ॲडमिन असूनही विंडोज हात लावू देत नाही

नारायणपेठकर:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम आहे, पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं असं सगळं. पानं लावतो तिथे माझे फॉन्ट आहेत, तिथे तक्रार नाही. पण बाकी दिवसभर ज्या स्क्रीनकडे बघायचं, म्हणजे फाईलींची नावं, ब्राऊझर, मेल, तिथे सगळीकडे विंडोज स्वतःचा निर्मला यूआय दाखवतं आणि त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श असं स्पष्ट आहे तरी आपल्याच मशीनवर ते दिसू नयेत याचा मला खरंच त्रास होतो, हसा हवं तर.

तर मी असं ठरवलं की टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट उतरवायचा, फाईलला निर्मला असं नाव द्यायचं आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या मूळ फाईलच्या जागी ठेवून द्यायची. पण ते होईना. एक्सप्लोररमध्ये ड्रॅग केलं तर तो नवा फॉन्ट इन्स्टॉल करून मोकळा होतो, आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून कॉपी केलं तर ॲक्सेस डिनाईड. प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर मालक कोणी ट्रस्टेडइन्स्टॉलर. मशीन माझं, पैसे मी भरलेत, ॲडमिन मी आणि मालक हा कोण? जाणकारांनी प्रकाश टाकावा. विंडोज ११, ६४ बिट.

बिबवेवाडी_बॉय:
दादा एकदम सोप्पंय. टेकओन कमांडने मालकी घ्या, मग आयकॅकल्सने ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल द्या, फाईल रिप्लेस, रीस्टार्ट, विषय संपला. राईट क्लिकमध्ये टेक ओनरशिप आणून देणारी रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची) फाईल पण मिळते, मी नवीन मशीन घेतलं की पहिलं तेच करतो.

वाचनमात्र_औंध:
बसतोय इथेच, चहा घेऊन.

जुनं_खोड:
नारायणपेठकर, दोन मिनिटं थांबा, वरचं काही करू नका अजून. बिबवेवाडीकर, राग मानू नका, कमांड तुम्ही बरोबर सांगितल्यात, पण त्या चालतात म्हणून चालवायच्या असं नसतं.

आधी हा ट्रस्टेडइन्स्टॉलर कोण ते. तो माणूस नाही, युजर अकाउंटही नाही, विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर नावाची सर्व्हिस आहे. व्हिस्टापासून विंडोजने असं केलं की सिस्टीमच्या महत्त्वाच्या फाईलींवर लिहायचा हक्क फक्त या सर्व्हिसला, ॲडमिनला आणि खुद्द सिस्टीम अकाउंटलासुद्धा फक्त वाचायचा आणि चालवायचा. याला विंडोज रिसोर्स प्रोटेक्शन म्हणतात. अपडेट आलं की तीच सर्व्हिस फाईल बदलते, बाकी कोणी बदलायची नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही हो, तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक इन्स्टॉलरवर अविश्वास म्हणून. नव्वदच्या दशकात ज्याने कोणी प्रिंटरचं किंवा गेमचं सॉफ्टवेअर टाकलं त्याचा इन्स्टॉलर आपल्याकडची जुनीपानी डीएलएल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाईल) सिस्टीम फोल्डरमध्ये खुशाल कोंबायचा आणि मग दुसरंच काहीतरी बंद पडायचं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना हे कुलूप कशाला लावलं ते वेगळं सांगायला नको.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. सिस्टीम३२ (विंडोजच्या मुख्य फाईलींचं फोल्डर) किंवा फॉन्ट्समध्ये जी फाईल दिसते ती बहुतेक वेळा तिथे एकटी नसते. विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये विंडोजचं कोठार असतं, तिथली फाईल आणि ही फाईल म्हणजे डिस्कवरचा एकच डेटा, नावं दोन. हार्ड लिंक म्हणतात त्याला. खात्री करायची तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयूटिल हार्डलिंक लिस्ट असं लिहून पुढे नोटपॅडच्या फाईलचा पूर्ण पत्ता द्या, एकाच फाईलची सगळी नावं समोर येतील. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच रोमन.) याचा परिणाम असा की तुम्ही मालकी बदलली की ती दोन्ही नावांची बदलते, आणि मूळ फाईलच्या डोक्यावर थेट नवी कॉपी केली तर कोठारातली प्रतसुद्धा गेली. म्हणजे उद्या दुरुस्तीसाठी विंडोज जिथून चांगली प्रत काढणार तिथेच तुमचा फॉन्ट बसलेला असणार.

बिबवेवाडी_बॉय:
हे हार्ड लिंकचं माहीत नव्हतं काका, भारीये. पण काही बिघडलंच तर एसएफसी स्कॅननाऊ मारायचं ना, ते करतं सगळं सरळ.

जुनं_खोड:
करतं ना, पण जरा विचार करा. एसएफसी बघतं की संरक्षित फाईल मूळ आहे की नाही आणि नसेल तर कोठारातून मूळ आणून ठेवतं. नारायणपेठकरांचा देखणा फॉन्ट त्याच्या दृष्टीने बिघाडच की. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी एसएफसी चालवलं तरी फॉन्ट गायब. आणि कोठारातली प्रतही खराब झाली असेल तर ते सांगणार की बिघडलेल्या फाईली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत, मग डिस्म नावाच्या दुसऱ्या दुरुस्ती कमांडच्या मागे लागा. शिवाय एखाद्या महिन्याच्या अपडेटमध्ये ती फाईल आली की परत मूळपदावर, आणि मोठं व्हर्जन अपडेट तर काही वेळा अख्खं विंडोज नव्याने मांडतं. एकदा फाईल बदलली की संपलं असं होत नाही, आयुष्यभर राखण करत बसावं लागतं.

तपकीर_गल्ली_फॅन:
जुनं_खोड, तुम्ही जुन्या जखमा उघडल्यात! एक्सपीच्या काळात आम्ही हेच धंदे करायचो. तेव्हा मालकीबिलकी काही आडवं यायचं नाही, ॲडमिनने फाईल बदलली की बदलायची, फक्त क्षणभराने विंडोज गपचूप जुनी परत आणून ठेवायचं. डीएलएलकॅश नावाचं लपवलेलं फोल्डर असायचं, तिथून. मग आधी डीएलएलकॅशमधली बदलायची, मग सिस्टीम३२ मधली, मग विंडोज खिडकी टाकायचं की मूळ सीडी घाला, तिला कॅन्सल म्हणायचं, मग परत विचारायचं खरंच का, त्याला हो. बाहेरच्या थीम चालाव्यात म्हणून यूएक्सथीम डीएलएल पॅच करायचो आणि एसपी२ हा एक्सपीचा मोठा अपडेट आल्यावर टोरंटवाले टीसीपीआयपी डॉट सिस ही नेटवर्कची फाईल पॅच करायचे कारण त्यात एकावेळी अर्धवट कनेक्शन १० च ठेवली होती. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बाजारात असेंबल केलेलं मशीन, बिघडलं तर फॉरमॅट मारायचा, डेटा म्हणजे काय तर गाणी. मजा होती.

जुनं_खोड:
तपकीर_गल्ली_फॅन, बरोबर, ते विंडोज फाईल प्रोटेक्शन, विंडोज २००० आणि एक्सपीतलं. तेव्हा बदल होऊ द्यायचे आणि मागून निस्तरायचे, व्हिस्टापासून मुळात बदलूच द्यायचं नाही. आणि टीसीपीआयपीसारखी ड्रायव्हर फाईल आज ६४ बिट विंडोजवर पॅच करून बघाच, बाईट एक बदलला तरी सही मोडते आणि बूट होतानाच मशीन नाही म्हणून सांगतं. तिथे मालकी घेऊनही उपयोग नाही.

स्नेहल_कोथरूड:
जरा अवांतर विचारते, वेगळा धागा काढत नाही. आमच्या सोसायटीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर टाकलं तर एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल मिसिंग असं येतंय. नेटवर शोधलं तर ती एकच फाईल फुकट देणाऱ्या ढीगभर साईट आहेत, सिस्टीम३२ मध्ये टाका म्हणतात. भावाने टाकली एक, आता वेगळीच एरर येतेय, ॲप्लिकेशन नीट सुरू होऊ शकलं नाही आणि शेवटी ०००००७बी असं काहीतरी. हीसुद्धा संरक्षित फाईल आहे का?

बाणेरची_बग:
स्नेहल ताई, नाही, ती विंडोजची फाईलच नाही, व्हिज्युअल सी++ रनटाईमची आहे. टाकलेली फाईल आधी काढा, असल्या साईटवरची डीएलएल कोणी बनवली, आत काय भरलंय, कशाचा पत्ता नसतो. मग मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही टाका, काही बिघडत नाही.

दोन्ही का ते सांगते, कारण तुमची ७बी वाली एरर त्यातलीच आहे, ३२ बिट प्रोग्रामला ६४ बिट डीएलएल मिळाली किंवा उलट झालं की ती येते. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर बहुतेक ३२ बिट असतात. आणि गंमत अशी की ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ या फोल्डरात ६४ बिट फाईली असतात आणि ३२ बिटवाल्या सिसवाव६४ मध्ये! नावं उलटी वाटतात पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तशीच ठेवलीत. ३२ बिट प्रोग्रामने सिस्टीम३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप दुसरीकडे वळवतं. त्यामुळे हाताने डीएलएल टाकणाऱ्यांची इथेच वाट लागते.

आणि कोणी रेगएसव्हीआर३२ ने रजिस्टर करा म्हटलं तर करू नका, ही तशी रजिस्टर करायची डीएलएल नाहीच, उगाच आणखी एक एरर बघाल.

स्नेहल_कोथरूड:
झालं गं! एक्स८६ टाकल्याबरोबर उघडलं. आता मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी निघेल, त्यांच्या वतीने तुला शाप.

अक्षरजुळारी:
उशिरा आलो. मूळ प्रश्न मालकी आणि परवानग्यांच्या गल्लीत शिरला पण नारायणपेठकर, तुमचा बेत कुलूप उघडलं तरी चालणार नव्हता. विंडोज फॉन्टला फाईलच्या नावाने ओळखत नाही, फॉन्टच्या आत नेम टेबल असतं त्यातल्या नावाने ओळखतं. तुम्ही टिरोच्या फाईलला निर्मला हे नाव दिलंत तरी आतून ती स्वतःला टिरो देवनागरी मराठीच म्हणवणार, आणि जो प्रोग्राम निर्मला यूआय मागेल त्याला तो फॉन्ट मशीनवर नाहीच असं कळणार. बरं, फॉन्टफोर्ज या फॉन्ट एडिटरमध्ये उघडून आतलं नाव बदललंत असं धरू. तर पुढचं संकट मोठं आहे. निर्मला यूआय हा फक्त देवनागरीचा फॉन्ट नाही, त्याच एका फाईलमध्ये गुजराती, बंगाली, गुरुमुखी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, ओडिया सगळं आहे. तिथे फक्त देवनागरी असलेला फॉन्ट बसवलात की बाकीच्या लिप्या चौकोन होणार.

वजनांचंही (अक्षरांच्या जाडीचं) तसंच, ठळक आणि हलकं असे निर्मलाचे वेगळे वजनप्रकार आहेत, टिरो एका वजनाचा आणि तिरका. शिवाय तो पुस्तकी वळणाचा फॉन्ट, छपाईत देखणा दिसतो, पण फाईलीच्या नावांच्या बारीक आकारात मला तरी वाचवणार नाही. हे माझं मत.

नारायणपेठकर:
अरे देवा. सासरवाडी धारवाडची, घरात निम्मे मेसेज कानडी येतात आणि बायको त्याच मशीनवर व्हॉट्सॲप वेब उघडते. फॉन्ट बसला असता तर रात्री मला जेवण मिळालं नसतं. अक्षरजुळारी, तुमचे उपकार. मग मला जे हवंय ते मिळायचा मार्गच नाही का?

अक्षरजुळारी:
आहे की, फक्त फाईल जाऊ द्या, सेटिंगने करा. टिरो हवा तर टिरो, पडद्यासाठी साधा कुठला मराठी वळणाचा हवा तर तो, नेहमीसारखा इन्स्टॉल करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमध्ये फॉन्ट्सच्या इथे ॲडव्हान्स्ड आहे, तिथे वर लिपी निवडता येते, देवनागरी निवडा आणि खाली तुमचा फॉन्ट द्या. कानडीला धक्का लागत नाही कारण तिची सेटिंग वेगळी. तिथेच साईटना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या अशी खूण असते, ती काढलीत तर प्रत्येक साईटवर तुमचाच फॉन्ट दिसेल पण काही साईटची चिन्हं, बटणांवरची चित्रं गायब होतात, कारण तीही फॉन्टमधूनच येतात. मी ती खूण राहू देतो. क्रोममध्ये सेटिंगमध्ये लिपीवार सोय दिसत नाही, त्यासाठी ॲडव्हान्स्ड फॉन्ट सेटिंग्ज नावाचं एक्सटेन्शन आहे.

वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा कप्पा असतो, देवनागरीचा फॉन्ट तिथे बदलायचा आणि सेट ॲज डिफॉल्ट. लिबरऑफिसमध्ये बेसिक फॉन्ट्स सीटीएल. आणि एक गोष्ट फार लोक करत नाहीत, मजकुराची भाषा मराठी अशी लावा, हिंदी नको. काही फॉन्टमध्ये ल आणि श ची दोन्ही वळणं आत असतात आणि भाषा मराठी दिसली की फॉन्ट आपणहून मराठी वळण काढतो. दिवाळी अंकाच्या पानांमध्येसुद्धा तपासून बघा.

राहिलं एक्सप्लोरर, मेनू, टास्कबार. तिथे रजिस्ट्रीत फॉन्टसब्स्टिट्यूट्स नावाची की आहे, एका फॉन्टच्या नावाला दुसरा जोडायची. जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये चालते, नव्या ॲप्समध्ये सगळीकडे नाही, आणि लिप्यांचा घोळ तिथेही होतोच. मी करणार नाही, तुम्हीही करू नका असं म्हणेन.

बिबवेवाडी_बॉय:
ओके मान्य, पण मग माणसाने संरक्षित फाईल कधीच बदलायची नाही का? टेकओन कमांड दिलीच का आहे मग?

जुनं_खोड:
प्रश्न रास्त आहे. बदलायची वेळ येते, पण जवळजवळ नेहमी एकाच कारणासाठी, फाईल बिघडली आहे आणि मूळ हवी आहे. म्हणजे मूळच्या जागी मूळच. वेगळी, सुधारलेली, कोणीतरी पॅच केलेली बसवायची असेल तर आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम) दुसरं विंडोज टाका, स्नॅपशॉट घ्या आणि तिथे काय हवं ते करा.

वारजेकर७:
काका मी त्याच बिघडलेल्यांतला. आमच्याकडे लाईट सारखी जाते, डेस्कटॉपला यूपीएस नाही, परवा अपडेट चालू असतानाच गेली. आता स्टार्ट मेनू कधी उघडतो कधी नाही, एसएफसी म्हणतं काही फाईली दुरुस्त करता आल्या नाहीत. एका दुकानात विचारलं तर न बघताच फॉरमॅट मारावा लागेल म्हणाला. सीबीएस लॉगमध्ये (एसएफसीच्या नोंदींची फाईल) एका डीएलएलचं नाव दिसतंय, ती मित्राच्या मशीनवरून पेनड्राईव्हवर आणून टाकू का?

जुनं_खोड:
नको. मित्राचं विंडोज तुमच्याच व्हर्जनचं, तुमच्याच बिल्डचं, त्याच अपडेटपर्यंत आलेलं असेल याची काय खात्री? विनव्हर टाईप करा, पूर्ण बिल्ड नंबर दिसेल, शेवटचा आकडाही जुळला तरच फाईल तीच. आणि जुळला तरी आधी सरळ मार्ग.

पहिलं म्हणजे कामाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर, आत्ता, पुढचं वाचायच्या आधी. अर्धवट लाईट गेलेल्या मशीनवर मी आधी डिस्कची तब्येत बघतो कारण डिस्कच मरायला टेकली असेल तर फाईली दुरुस्त करून काय उपयोग, आज ही उद्या ती.

मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्म /ऑनलाईन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. विंडोज ८ पासून हे आहे. एसएफसी कोठारातून फाईल काढतं, डिस्म खुद्द कोठार दुरुस्त करतं, विंडोज अपडेटवरून चांगल्या प्रती आणून. म्हणून कोठार बिघडलेलं असेल तर आधी डिस्म, मग एसएफसी. नेट चालू हवं. मध्येच टक्के एका जागी अडकल्यासारखे दिसतात, खिडकी बंद करू नका. आणि यूपीएस नाही म्हणताय तर कृपा करून लाईट जायच्या वेळेला सुरू करू नका, गुरुवार तर नकोच.

डिस्मने सोर्स सापडत नाही असं म्हटलं, एरर ०एक्स८००एफ०८१एफ, तर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून तुमच्याच व्हर्जनचं, तुमच्याच भाषेचं आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची फाईल) उतरवा, डबल क्लिक करून माऊंट करा, सोर्सेस फोल्डरात इन्स्टॉल डॉट विम किंवा इन्स्टॉल डॉट ईएसडी असेल. त्यात होम, प्रो वगैरे सगळ्या आवृत्त्या एकत्र असतात, तुमची कितव्या नंबरवर आहे ते डिस्मच्याच गेट-विमइन्फोने बघा आणि तो इंडेक्स सोर्समध्ये द्या, शेवटी लिमिटॲक्सेस जोडलं की ते नेटवर जात नाही.

वारजेकर७:
आणि विंडोज उघडलंच नाही तर?

जुनं_खोड:
तर शिफ्ट धरून रीस्टार्ट, किंवा दुसऱ्या मशीनवर बनवलेला इन्स्टॉलेशन पेनड्राईव्ह, किमान ८ जीबीचा. रिकव्हरीत जाऊन कमांड प्रॉम्प्ट. दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे ड्राईव्हची अक्षरं. रिकव्हरीत तुमचा सी हा डी असू शकतो, त्यामुळे आधी डीआयआर करून विंडोज फोल्डर कुठे आहे ते डोळ्यांनी बघा आणि मगच एसएफसीला ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर असे दोन्ही पत्ते द्या. दुसरं बिटलॉकर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो, रिकव्हरीत गेलं की ४८ आकडी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते बहुधा, पण विंडोज चालतंय तोवरच मॅनेज-बीडीई ने काढून कागदावर लिहून ठेवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवू नका, हसू नका, ठेवलेले बघितलेत.

आणि अगदीच हाताने एखादी फाईल बसवायची वेळ आली, आयएसओतून काढलेली, बिल्ड जुळलेली, तर बिबवेवाडीकरांची टेकओन इथे येते. पण आधी त्या फाईलच्या परवानग्या आयकॅकल्स सेव्हने एका फाईलमध्ये साठवा. मग मूळ फाईलचं नाव बदला, शेवटी डॉट ओल्ड लावा, तिच्या डोक्यावर कॉपी करू नका. नाव बदललं की फक्त ते एक नाव बदलतं, कोठारातलं दुसरं नाव जागच्या जागी राहतं, हार्ड लिंकचं वर लिहिलंय तेच. शिवाय परत फिरायचं असेल तर रिकव्हरीतून नाव पुन्हा सरळ केलं की झालं. नवी फाईल ठेवून काम झालं की आयकॅकल्स सेटओनरने मालकी परत एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलरला द्या आणि परवानग्या रिस्टोअर करा. मालकी स्वतःकडे ठेवली तर चालतं का, चालतं, फक्त ॲडमिन म्हणून चालणारं कुठलंही व्हायरसछाप पात्र मग त्या फाईलवर मोकळेपणी लिहू शकतं. राईट क्लिकमधली ती टेक ओनरशिप मला म्हणून आवडत नाही, ती घेते पण परत देत नाही, आणि लोक ती अख्ख्या विंडोज फोल्डरवर मारतात. त्यानंतर मात्र फॉरमॅटवाला दुकानदारच बरोबर ठरतो.

लिनक्सवाला_पाषाण:
आमच्याकडे रूट (सगळे हक्क असलेला युजर) म्हणजे रूट, कोणी अडवत नाही, सगळी सिस्टीम पुसा हवं तर. पण फाईल बिघडली तर डीपीकेजी व्हेरिफाय करायचं आणि ते पॅकेज एपीटीने रीइन्स्टॉल. दिवे घ्या.

मॅकवाली_मावशी:
मॅकवर तर विचारूच नका. एल कॅपिटन व्हर्जनपासून, म्हणजे २०१५ पासून, रूटलाही सिस्टीम फोल्डरात लिहिता येत नाही आणि बिग सरपासून अख्खा सिस्टीम व्हॉल्यूमच सही करून सीलबंद. त्यामानाने विंडोज अजून विचारून तरी देतं.

वारजेकर७:
अपडेट देतो. डिस्मने सोर्स नाही म्हणूनच सांगितलं. आयएसओ दिलं तरी तेच, मग कळलं की मित्राने दिलेलं आयएसओ जुन्या व्हर्जनचं होतं. नवीन उतरवलं, इंडेक्स बघून दिला, डिस्म पूर्ण झालं, मागून एसएफसीने दुरुस्त केल्या म्हणून सांगितलं, रीस्टार्ट केल्यावर पुन्हा एसएफसी, काही बिघाड नाही. स्टार्ट मेनू उघडतोय. हाताने एकही फाईल ठेवावी लागली नाही. पण एक विचारायचंय, विनएसएक्सएस फोल्डर किती जीबी दाखवतोय बघितलं आणि धडकी भरली, त्यातलं जुनं डिलीट करू का?

जुनं_खोड:
हात लावू नका त्याला! एक्सप्लोरर हार्ड लिंक दोनदा मोजतं, दिसतं तेवढं ते मोठं नसतं. डिस्म /ऑनलाईन /क्लीनअप-इमेज /ॲनालाईझकंपोनंटस्टोअर चालवा, खरा आकडा सांगेल, आणि साफ करायची शिफारस आली तर स्टार्टकंपोनंटक्लीनअप. आणि यूपीएस घ्या हो.

बिबवेवाडी_बॉय:
काका, मी राईट क्लिकवाली रजिस्ट्री काढली. पण आधी दोनतीन डीएलएलची मालकी घेऊन ठेवलेली आठवतंय, कुठल्या ते आठवत नाही. सगळ्या सिस्टीम३२ ला एकदम सेटओनर मारू का?

जुनं_खोड:
नाही! तिथे सगळ्याच फाईलींचा मालक ट्रस्टेडइन्स्टॉलर नसतो, ड्रायव्हरवाल्यांच्या असतात, बाकीच्या असतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयआर /क्यू करा, प्रत्येक फाईलसमोर मालक छापून येतो, आउटपुट टेक्स्ट फाईलमध्ये घ्या आणि तुमचं युजरनेम शोधा. जेवढ्या सापडतील तेवढ्याच परत करा.

नारायणपेठकर:
फायरफॉक्स आणि वर्ड झालं, ल आणि श दोन्ही मनासारखे. पानं लावतो तिथेही भाषा हिंदी लागलेली निघाली, बदलली. एक्सप्लोरर आहे तसं राहू दिलं. अक्षरजुळारी, क्रोमच्या एक्सटेन्शनमध्ये लिपीच्या यादीत देवनागरी निवडली तरी काही साईट जुन्याच वळणात दिसतात, ते का?

अक्षरजुळारी:
त्या साईटनी स्वतःचा वेबफॉन्ट लावलाय म्हणून. जिथे साईट गप्प आहे तिथेच तुमचं चालतं. पत्ता द्या, बघून सांगतो कुठला फॉन्ट आहे ते.